पहिला डीजे कंट्रोलर निवडताना: कमी बजेटमध्ये काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं

पहिला कंट्रोलर घ्यायला निघालेल्या माणसाची नजर आधी जॉग व्हीलच्या, म्हणजे गाणं हाताने पुढे-मागे करायच्या गोल चकतीच्या, आकारावर आणि पॅडच्या रंगीत दिव्यांवर जाते. माझं सांगणं असं, की आधी कंट्रोलरची कड बघा. तिथे हेडफोनची पिन लागते का? आणि स्पीकरवर एक गाणं चालू असताना हेडफोनमध्ये दुसरं गाणं ऐकता येतं का? डीजेचं निम्मं काम कानात चालतं. समोरचे लोक एका गाण्यावर नाचत असतात, तेव्हा डीजे पुढचं गाणं कानात ऐकत त्याचा ठेका आधीच्या गाण्याशी जुळवत असतो. ही सोय नसलेला कंट्रोलर कितीही स्वस्तात मिळाला तरी त्यावर मिक्सिंग नीट शिकता येत नाही. त्याच्या खालोखाल महत्त्वाचं म्हणजे टेम्पो फेडर (गाण्याचा वेग बदलणारी सरकपट्टी), जॉग आणि ईक्यूचे (बास, मधला आणि तीव्र आवाज वेगवेगळा कमी-जास्त करणारे) नॉब. या चार गोष्टी धड असतील तर बाकीच्या उणिवांसकट वर्ष-दोन वर्षं आनंदात काढता येतात.

## कंट्रोलर नेमकं काय करतो

कंट्रोलरमध्ये गाणी नसतात. गाणी लॅपटॉपमध्ये असतात, ती सॉफ्टवेअर वाजवतं, आणि त्या सॉफ्टवेअरला हाताने चालवण्यासाठी कंट्रोलर असतो. तुम्ही फेडर सरकवला की यूएसबीच्या तारेतून लॅपटॉपला एक आकडा जातो. बहुतेक कंट्रोलर हे आकडे मिडी नावाच्या पद्धतीने पाठवतात. ती १९८३ सालापासून सिंथेसायझर आणि इतर वाद्यं जोडायला वापरली जाते. उलट दिशेने लॅपटॉपमधून आवाज येतो आणि तो कंट्रोलरमधल्या साउंड कार्डमधून स्पीकर आणि हेडफोनला जातो.

म्हणजे एका डब्यात दोन वेगळी यंत्रं आहेत: हाताच्या हालचाली टिपणारं एक, आणि आवाज बाहेर काढणारं दुसरं. स्वस्त मॉडेलमध्ये काटकसर या दोन्हीपैकी कुठेही झालेली असू शकते. ती नेमकी कुठे झाली आहे हे ओळखता आलं की निवड पुष्कळ सोपी होते.

## पैसे खर्च करण्याआधी सॉफ्टवेअर वापरून बघा

दुकानात जाण्याआधी लॅपटॉपवर मिक्स (Mixxx) नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. कंट्रोलर नसतानाही माउस आणि कीबोर्डवर त्यात दोन गाणी एकत्र वाजवता येतात. हात अडखळतील, दोन नॉब एकदम फिरवता येणार नाहीत. पण डेक म्हणजे काय, क्यू म्हणजे काय, लूप कसा लागतो, गाण्याची लहर पडद्यावर कशी वाचायची, हे सगळं फुकटात कळेल. दोन आठवडे असं खेळल्यावरही ओढ टिकली तर कंट्रोलर घ्या. शिवाय तोवर माउसने काय करताना सगळ्यात जास्त चिडचिड होते हेही लक्षात आलेलं असतं, आणि कंट्रोलरवर नेमकं तेच तपासायचं असतं.

याच काळात लॅपटॉपचीही परीक्षा होते. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर साध्या दोन डेकच्या (एका डेकवर एक गाणं) मिक्सिंगला तो सहसा पुरतो. गाणं मध्येच तुटत असेल, कर्रकर्र आवाज येत असेल, तर दोष लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये किंवा ताकदीत आहे. नवा कंट्रोलर आणला म्हणून तो जाईलच असं नाही.

## कंट्रोलरसोबत सॉफ्टवेअरही विकत घेत असता

खोक्यावर जे सॉफ्टवेअर लिहिलेलं असतं त्याच्या सवयीत तुम्ही अडकणार असता, म्हणून हा निर्णय गंभीरपणे घ्या. सेराटो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर, व्हर्च्युअल डीजे, डीजेयूस्ड, अल्गोरिदिमचं डीजे (djay) ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. शिकण्यासाठी यातलं कुठलंही चालेल. फरक पडतो तो परवान्यात.

काही कंट्रोलरसोबत सॉफ्टवेअरची हलकी आवृत्ती येते. ती मिक्सिंगला पुरते, पण काही सोयी कुलूपबंद असतात आणि त्या उघडायला वेगळे पैसे किंवा मासिक वर्गणी लागते. सेराटो डीजे लाइट आणि सेराटो डीजे प्रो यांच्यात असाच फरक आहे. उलट काही मॉडेल जोडलं की सॉफ्टवेअरचा वाजवण्याचा पूर्ण भाग आपोआप खुला होतो; रेकॉर्डबॉक्समध्ये त्याला हार्डवेअर अनलॉक म्हणतात. म्हणून किंमत बघताना फक्त यंत्राची बघू नका. यंत्र अधिक तुम्हाला लागणारं सॉफ्टवेअर, ही खरी किंमत. स्वस्त दिसणारा कंट्रोलर या बेरजेत बऱ्याचदा महाग पडतो.

कंपनीच्या संकेतस्थळावर आवर्जून तीन गोष्टी शोधा. तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आजच्या आवृत्तीवर तो कंट्रोलर चालतो का. सोबतच्या आवृत्तीत स्वतःचं मिक्स रेकॉर्ड करता येतं का. आणि सॉफ्टवेअर बदलावंसं वाटलं तर मिक्स (Mixxx) किंवा दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये या मॉडेलची तयार मांडणी, म्हणजे कुठलं बटण काय करेल याची जुळणी, आहे का. रेकॉर्डिंगला मी फार महत्त्व देतो, कारण वाजवताना न जाणवलेल्या चुका दुसऱ्या दिवशी ऐकताना स्पष्ट कळतात.

फोन किंवा टॅबलेटवरच वाजवायचं असेल तर नुसतं ‘मोबाइलवर चालतो’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. अँड्रॉइडवर की आयफोनवर, तारेने की ब्लूटूथवर, आणि कुठल्या अॅपमध्ये, हे तिन्ही तपासा.

## हेडफोन आणि साउंड कार्ड

एक आवाज स्पीकरला आणि वेगळा आवाज हेडफोनला पाठवायचा तर साउंड कार्डला दोन स्टिरिओ जोड्या, म्हणजे चार मार्ग लागतात. साध्या लॅपटॉपला हेडफोनचं एकच सॉकेट असतं आणि त्यातून एकच जोडी बाहेर पडते. म्हणून कंट्रोलरमध्येच चार मार्गांचं साउंड कार्ड असणं गरजेचं.

अगदी स्वस्त किंवा खास मोबाइलसाठी बनवलेल्या काही मॉडेलमध्ये हे कार्ड नसतंच. पायोनियर डीजेचा डीडीजे-२०० हे त्याचं ठळक उदाहरण. त्यात स्वतःचा आवाज-निर्गम नाही. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या सॉकेटला दुभाजक तार लावून काम भागवावं लागतं. ही तार एका बाजूचा आवाज स्पीकरला आणि दुसऱ्या बाजूचा हेडफोनला देते, म्हणजे दोन्हीकडे मोनो आवाज. घरच्या घरी शिकायला हे चालतं, पण ज्यात कार्ड आहे असं मॉडेल थोडं जास्त देऊन मिळत असेल तर मी तेच घ्यायला सांगेन.

हेडफोनचा आवाज कमी-जास्त करायला स्वतंत्र नॉब हवा. क्यू (कानात ऐकायचं गाणं) आणि मास्टर (स्पीकरला जाणारा आवाज) यांचं प्रमाण ठरवणारा नॉब असेल तर फारच उत्तम, कारण त्यामुळे दोन्ही गाणी एकाच कानात एकमेकांवर ठेवून ऐकता येतात. हा नॉब नसलेल्या मॉडेलवर ते प्रमाण पडद्यावर माउसने बदलावं लागतं, आणि ते नेमकं घाईच्या क्षणी करावं लागतं.

ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर या कामाला लावू नका. ब्लूटूथमध्ये आवाज सहज शंभर-दोनशे मिलीसेकंद उशिरा पोचतो. १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या, गाण्यात एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतरच सुमारे ४६९ मिलीसेकंदांचं असतं. दीडशे मिलीसेकंदांचा उशीर म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ठोका. असा कान घेऊन ठेका जुळणार कसा?

तारेच्या जोडणीतही थोडा उशीर असतो, पण तो तुमच्या हातात असतो. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफरचा, म्हणजे वाजण्याआधी साठवलेल्या आवाजाच्या तुकड्याचा, आकार दिसतो. ४४.१ किलोहर्ट्‌झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५.८ मिलीसेकंद, १०२४ चा म्हणजे सुमारे २३. कमी ठेवला की हात लगेच लागतो, फार कमी केला की आवाज तुटतो. तुटेपर्यंत खाली न्या आणि मग एक पायरी वर आणा. विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) मिळत असेल तर तो नक्की बसवा; मॅकवर बहुतेक कंट्रोलर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात.

## टेम्पो फेडर: इथली काटकसर सगळ्यात महागात पडते

सिंक बटण हल्ली सगळ्याच कंट्रोलरवर असतं. ते दाबलं की सॉफ्टवेअर दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवतं. मग टेम्पो फेडरची चिंता कशाला? कारण सिंक सॉफ्टवेअरने आखलेल्या ठोक्यांच्या जाळीवर अवलंबून असतं. संगणकावर बनवलेल्या नाचाच्या गाण्यांत ही जाळी अचूक बसते. खरे वादक बसवून रेकॉर्ड केलेल्या गाण्यात लय किंचित पुढे-मागे होते, जाळी हुकते, आणि सिंक आत्मविश्वासाने चुकीचं जुळवतो. अशा वेळी कान आणि हात हेच कामाला येतात, आणि हाताला साथ द्यायला फेडर नेमका लागतो.

थोडा हिशोब करू. १२० बीपीएमचं गाणं १२८ च्या गाण्याला जुळवायचं तर त्याचा वेग ६.६७ टक्क्यांनी वाढवावा लागतो. उणे-अधिक ८ टक्क्यांच्या पल्ल्यात ते बसतं. टेक्निक्सच्या १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर हाच पल्ला होता, आणि तिथूनच तो डीजेंच्या हातात बसला. ११५ चं गाणं १२८ वर न्यायचं तर ११.३ टक्के लागतात. मग पल्ला १६ टक्क्यांवर करावा लागतो. पल्ला बदलता येणं म्हणूनच आवश्यक आहे.

आता स्वस्त फेडरची अडचण. साध्या मिडी संदेशात फेडरची जागा ० ते १२७ या १२८ आकड्यांतच सांगता येते. ८ टक्के वर आणि ८ टक्के खाली, असं एकूण १६ टक्क्यांचं अंतर १२८ पायऱ्यांत वाटलं की एक पायरी पडते ०.१२५ टक्क्याची. १२८ बीपीएमला ती होते ०.१६ बीपीएम. तुम्हाला हवा तो वेग दोन पायऱ्यांच्या मधोमध असेल तर ०.०८ बीपीएमचा फरक राहणारच. एका मिनिटात दोन्ही गाणी सुमारे ३७ मिलीसेकंदांनी सरकतात, आणि दोन ढोल एकावर एक पडण्याऐवजी ‘ढडम’ असे फुटून ऐकू येतात. पल्ला उणे-अधिक १६ टक्क्यांवर नेला की ही चूकही दुप्पट. चांगले कंट्रोलर फेडरसाठी दोन संदेश जोडून १४ बिटचा आकडा पाठवतात. त्यात १६,३८४ पायऱ्या होतात आणि प्रश्नच मिटतो.

हे माहितीपत्रकात सहसा लिहिलेलं नसतं, पण तपासायला अर्धं मिनिट लागतं. सॉफ्टवेअरमध्ये १२८ बीपीएमचं गाणं लावा, पल्ला ८ टक्के ठेवा, आणि फेडरला एका बोटाने हलकेच ढकला. पडद्यावरचा आकडा १२८.०१, १२८.०३ असा सरकत गेला तर फेडर बारीक आहे. १२८.०० वरून एकदम १२८.१६ वर उडी मारली तर तो जाडाभरडा आहे. लांबीही बघा. फेडर लांब असेल तितकं बोटाला बारीक अंतर साधतं. बोटभर लांबीच्या फेडरवर संदेश कितीही बारीक असला तरी हात तेवढा बारीक चालत नाही.

## जॉग व्हील

जॉगचा वरचा भाग स्पर्श ओळखतो की नाही, हे पहिलं. वर हात ठेवला की गाणं थांबलं पाहिजे, हात उचलला की पुढे चाललं पाहिजे. आणि कडेने ढकललं तर गाणं न थांबता फक्त क्षणभर पुढे किंवा मागे रेटलं गेलं पाहिजे. ठेका जुळवताना नव्वद टक्के काम या कडेच्या हलक्या धक्क्यांवर होतं. कड गुळगुळीत असेल तर घामेजलेलं बोट घसरतं, म्हणून खाचा असलेली कड बरी.

आकार किती असावा? स्क्रॅचिंग (तबकडी हाताने मागे-पुढे घासून आवाज काढणं) शिकायचं असेल तर मोठा जॉग खरोखर उपयोगी पडतो. फक्त मिक्सिंग करायचं असेल तर मध्यम आकार पुरेसा. तळहातापेक्षाही लहान, खेळण्यासारखे जॉग मात्र टाळा.

## ईक्यू: पंधरा सेकंदांची परीक्षा

प्रत्येक डेकला हाय, मिड आणि लो असे तीन नॉब हवेत. काही स्वस्त मॉडेलवर दोनच असतात, काहींवर एकच फिल्टर असतो, आणि न्यूमार्कच्या डीजेटूगो२ टचसारख्या खिशात मावणाऱ्या मॉडेलवर ईक्यूचे नॉबच नाहीत. प्रवासात सोबत ठेवायला ते ठीक आहे, पण शिकण्याचं पहिलं यंत्र म्हणून नको. त्याचं कारण एका उदाहरणात दिसेल.

समजा, डावीकडे १२८ बीपीएमचं गाणं चालू आहे आणि उजवीकडून त्याच वेगाचं दुसरं आणायचं आहे. दोन्ही गाण्यांचे बास एकत्र वाजले की आवाज गढूळ होतो आणि मास्टरचा दिवा लाल होतो. म्हणून उजव्या गाण्याचा लो नॉब आधीच पूर्ण डावीकडे फिरवून ठेवता, पहिल्या मात्रेवर ते सोडता आणि त्याचा फेडर हळूहळू वर नेता. आता लोकांना दुसऱ्या गाण्याच्या झांजा आणि टाळ्यांचा आवाज येतोय, ढोल अजून पहिल्याचाच आहे. तुम्ही मोजता आहात. ३२ मात्रा म्हणजे या वेगाला बरोबर १५ सेकंद. तेहतिसाव्या मात्रेवर डावा हात डावा लो खाली करतो आणि त्याच क्षणी उजवा हात उजवा लो मध्यावर आणतो. ढोल बदलतो, आणि ऐकणाऱ्याला सांधा कुठे होता ते कळत नाही.

या एका हालचालीसाठी यंत्राकडून काय लागतं बघा. दोन्ही लो नॉब दोन वेगळ्या हातांनी एकदम धरता आले पाहिजेत. नॉब मध्यावर आला की बोटाला हलकी खाच जाणवली पाहिजे, कारण नजर पडद्यावर असते. पूर्ण डावीकडे फिरवल्यावर बास जवळजवळ नाहीसा झाला पाहिजे. आणि लोच्या खालीच असलेल्या फिल्टरच्या नॉबला करंगळी लागता कामा नये. दुकानात यंत्र बंद असलं तरी ही हालचाल चार वेळा करून बघता येते. ज्या कंट्रोलरवर बोटं एकमेकांत अडकतात तो परत ठेवा.

तिन्ही नॉबच्या वर गेन किंवा ट्रिम नावाचा नॉब असतो. जुनी गाणी हळू आवाजात रेकॉर्ड झालेली असतात, नवी जोरात. दोन्हीची पातळी यानेच सारखी करायची. तो नसेल तर फेडरवर कसरत करावी लागते. प्रत्येक डेकची पातळी दाखवणारी दिव्यांची पट्टी यंत्रावरच असली तर फार सोयीची, नसेल तर पडद्यावर बघून भागवता येतं.

## ज्यावर पैसे घालवू नका

चार डेक नकोत. पहिलं वर्ष दोन डेक नीट सांभाळण्यात जातं. फिरणारी, मोटर लावलेली तबकडी नको. ती महाग असते, जड असते आणि खास स्क्रॅच करणाऱ्यांसाठी असते. इफेक्टची संख्या बघू नका, त्यातले एको आणि फिल्टर तेवढे रोज वापरले जातात. डेकला आठ पॅड असले तर छान, चार असले तरी हॉट क्यू (गाण्यातल्या खुणेवर लगेच उडी मारणं) आणि लूप (एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणं) शिकता येतात.

गाण्यातून गायकाचा आवाज आणि वाद्यं वेगळी करणाऱ्या स्टेम्सची हल्ली बरीच जाहिरात होते. हे काम सॉफ्टवेअर करतं आणि त्याचा भार लॅपटॉपवर पडतो. कंट्रोलरवर स्टेम्सची बटणं असणं ही फक्त सोय आहे. लॅपटॉप जुना असेल तर या बटणांसाठी एक पैसाही जास्त देऊ नका.

## मागची बाजू

मास्टरसाठी आरसीएची लाल-पांढरी जोडी ही सुरुवातीच्या मॉडेलवरची नेहमीची सोय. घरातल्या स्पीकरला ती पुरते. एक्सएलआरसारखे संतुलित निर्गम लांब तारेत गुणगुण येऊ देत नाहीत, पण ते सहसा वरच्या किमतीत मिळतात. फक्त छोटी ३.५ मिमी पिन असेल तर तार सहज ओढली जाते आणि सॉकेट लवकर सैल होतं.

माइक वापरायचा असेल तर माइकचं सॉकेट आणि त्याचा स्वतंत्र नॉब आहे का ते बघा. काही यंत्रांत माइकचा आवाज सॉफ्टवेअरपर्यंत जातच नाही, थेट मास्टरला मिसळतो. तेव्हा स्पीकरवर तुमचा आवाज येतो पण रेकॉर्डिंगमध्ये नसतो. बहुतेक छोटे कंट्रोलर यूएसबीवरच चालतात. ते थेट लॅपटॉपला जोडा, स्वतःची वीज नसलेल्या स्वस्त हबमधून नको.

## काही मॉडेल, आणि कोणासाठी

पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ हा पुढे क्लबमध्ये वाजवायचं स्वप्न असलेल्यांसाठी माझ्या मते सगळ्यात सरळ पर्याय. रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो दोन्हीवर चालतो, आणि बटणांची मांडणी त्याच कंपनीच्या क्लबमधल्या प्लेअर आणि मिक्सरशी मिळतीजुळती आहे, त्यामुळे हाताची सवय वाया जात नाही. त्याआधीचा डीडीजे-४०० वापरलेला मिळाला तर तोही रेकॉर्डबॉक्स शिकायला चांगला.

न्यूमार्क मिक्सट्रॅक प्रो एफएक्सचे जॉग ६ इंची आहेत, टेम्पो फेडर लांब आहेत आणि इफेक्टला खटके आहेत. हाताला ऐसपैस वाटणारं यंत्र. सोबत सेराटो डीजे लाइट मिळतं, प्रो हवं असेल तर तो खर्च वेगळा धरा.

हर्क्युलसचा डीजेकंट्रोल इनपल्स ३०० कानाने ठेका जुळवायला शिकणाऱ्यांसाठी खास विचार करून बनवलेला आहे. वेग वाढवायचा की कमी करायचा, गाणं पुढे रेटायचं की मागे ओढायचं, हे त्यावरचे दिवे बाण दाखवून सांगतात. कान तयार होऊ लागला की हे दिवे बंद करता येतात, आणि तसे ते करावेतही. अगदी मोजके पैसे असतील तर त्याच मालिकेतला इनपल्स २०० बघा.

स्क्रॅचिंगकडेच ओढ असेल तर पायोनियर डीजेचा डीडीजे-आरईव्ही१ बघा. त्याचे टेम्पो फेडर टर्नटेबलवाल्यांच्या पद्धतीप्रमाणे वरच्या बाजूला आडवे आहेत आणि मधली जागा क्रॉसफेडरसाठी (एका डेकवरून दुसऱ्यावर आवाज नेणारी आडवी सरकपट्टी) मोकळी आहे. मिक्सिंगच शिकायचं असेल तर ही मांडणी निवडण्याचं कारण नाही.

## वापरलेला घेताना

चांगल्या कंपनीचा दोन वर्षं वापरलेला कंट्रोलर अनोळखी नावाच्या नव्यापेक्षा मला कधीही बरा वाटतो. पण लॅपटॉप सोबत घेऊन जा आणि यंत्र चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

डाव्या डेकवर गाणं लावा, क्रॉसफेडर पूर्ण उजवीकडे न्या, मास्टरचा आवाज वाढवा. पुसटही गाणं ऐकू आलं तर फेडर झिजलेला आहे. मग प्रत्येक फेडर अगदी सावकाश खालून वर न्या आणि पडद्यावरचा फेडर बघत राहा. तो मध्येच थरथरला किंवा उडी मारली तर आत धूळ आहे किंवा पट्टी घासली गेली आहे. टेम्पो फेडर मधल्या खाचेत असताना पडद्यावर शून्य टक्के दिसायला हवेत. हेडफोनची पिन सॉकेटमध्ये गोल फिरवा, आवाज एका कानातून गेला तर सॉकेट सैल. यूएसबीची तार हलकीच हलवा, जोडणी तुटता कामा नये. प्रत्येक पॅड दाबा, प्रत्येक नॉब फिरवा, लाजू नका.

मॉडेल जुनं असेल तर ड्रायव्हरचा प्रश्न आधी सोडवा. ॲपलने २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनापासून ३२ बिट ॲप्लिकेशन बंद केली, आणि त्यावर अवलंबून असलेले काही जुने ड्रायव्हर व सॉफ्टवेअर एका रात्रीत निकामी झाले. यंत्रासोबत आलेला सॉफ्टवेअरचा परवाना आधीच्या मालकाने वापरला असेल तर तो तुम्हाला मिळेलच असं धरून चालू नका.

## बजेटमधला बाकीचा वाटा

सगळे पैसे कंट्रोलरवर संपवू नका. हातातल्या रकमेचा तिसरा हिस्सा तरी हेडफोन, स्पीकर आणि गाण्यांसाठी राखा. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे आणि तारेचे घ्या. एक कान सहज मागे सरकवता येईल असे. घरात आधीपासून तारेचा स्पीकर असेल तर सुरुवातीला तोच वापरा.

गाणी शक्यतो स्वतःच्या मालकीच्या फाइलमध्ये ठेवा. स्पॉटिफायने जुलै २०२० मध्ये डीजे सॉफ्टवेअरमधली सोय काढून घेतली आणि ती परत यायला २०२५ साल उजाडलं. मधल्या काळात ज्यांची सगळी यादी तिथेच होती त्यांच्या हाती काही उरलं नाही. चांगल्या प्रतीच्या पन्नास फाइल, नीट नावं दिलेल्या आणि पूर्ण पाठ झालेल्या, शिकायला भरपूर होतात.

## घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत

खोकं आणि पॅकिंग फेकू नका. यंत्राचं फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करा, बफर बसवून घ्या. वर वापरलेल्या यंत्रासाठी सांगितलेल्या सगळ्या चाचण्या नव्यावरही करा, कारण नव्या मालातही एखादा नॉब अडकलेला निघतो. मग एकाच वेगाची, एकाच बाजाची दोन गाणी निवडा, सिंक बंद करा, पडद्यावरच्या लहरी कागदाने झाका आणि फक्त हेडफोनवर ठेका जुळवायचा प्रयत्न करा. पहिल्या दिवशी जुळणार नाही, ते अपेक्षितच आहे. पण हात हलवला तसा आवाज हलतो का, कानात दोन्ही गाणी स्वच्छ वेगळी कळतात का, जुळल्यासारखं वाटल्यावर मिनिटभर तरी टिकतं का, हे यातून समजेल. अर्धा तास रेकॉर्ड करून दुसऱ्या सकाळी ऐका. आवाज तुटलेला किंवा खरखरीत आला तर आधी दुसरं यूएसबी पोर्ट, मग दुसरी तार, मग मोठा बफर, आणि जमलं तर दुसरा लॅपटॉप लावून बघा. तरीही दोष तसाच राहिला तर मुदतीच्या आत यंत्र बदलून घ्या.